हिरवा अंक

वनिता मगदूमला सोडलं त्या सकाळी तिचा अंक एकोणीस होता.

तुरुंगाच्या दवाखान्यातल्या तंत्रज्ञ मुलीने तिच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी एक पट्टी दाबून बसवली आणि मनगटावर घड्याळासारखी तबकडी बांधली. तबकडी हिरवी उजळली.

"एकोणीस! फारच छान," मुलगी म्हणाली, जणू वनिताने कसली परीक्षाच दिली होती. मग तिने नियम वाचून दाखवले. पट्टी काढायची नाही. तबकडी बाहीखाली झाकायची नाही. झाकली तर तोही गुन्हा.

"आंघोळीला?"

"आंघोळीलासुद्धा नाही. पाणी चालतं तिला."

"आणि रडू आलं तर?"

मुलीने मान वर केली. हा प्रश्न तिच्या कागदावर नव्हता. "रडायला काही हरकत नाही हो," ती जरा विचार करून म्हणाली. "फक्त चार मिनिटांच्या आत आवरायचं."

त्या पट्टीच्या पोटात केसाहून बारीक दोनशे सुया होत्या. त्या रक्तापर्यंत पोचत नसत. कातडीखाली पेशींच्या मधून जो पातळ पाझर वाहत असतो, तेवढाच त्या चाखत. माणूस हात उगारतो तो क्षणात, पण त्याचं शरीर त्याच्या कितीतरी आधी तयारीला लागलेलं असतं. ॲड्रिनलिन चढतं, कॉर्टिसॉल चढतं, नाडी धावते, तळव्यांना घाम सुटतो. दहाएक वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेने चार हजार कैद्यांवर हा अभ्यास केला आणि या सगळ्यांना एका सूत्रात बसवलं. सूत्रातून शून्य ते शंभर असा एक आकडा निघे. त्याला नाव दिलं 'क्षोभांक'. मारामारी होण्याच्या सरासरी अठरा मिनिटं आधी हा अंक साठाच्या वर जाई. दहांत नऊ वेळा अंदाज बरोबर निघाला.

तुरुंग भरून वाहत होते. सरकारला हे सूत्र देवासारखं भेटलं. कायदा झाला. खुनाच्या कैद्याने बारा वर्षं नीट काढली असतील, तर पट्टी घालून त्याने बाहेर राहावं. चाळीसपर्यंत तबकडी हिरवी, साठपर्यंत पिवळी, त्यापुढे लाल. लाल रंग सलग चार मिनिटं टिकला की पन्नास पावलांच्या आतले सगळे फोन एकदम कर्कश वाजत. लोकांना आपल्या जवळ कोण उभं आहे हे कळायचा हक्क होता. असे तीन इशारे झाले की उरलेली शिक्षा पुन्हा आत. वनिताची आठ वर्षं उरली होती.

ती दारातून बाहेर पडली तेव्हा तिला न्यायला कोणी आलं नव्हतं. तिने कोणी येईल अशी आशाही ठेवली नव्हती. एसटीत तिच्या शेजारी बसलेल्या बाईने आधी तिचं मनगट पाहिलं, मग चेहरा पाहिला, आणि मग उठून ती मागच्या सीटवर गेली. पुढे वनिताला याची सवय झाली. माणसं आता तिच्या तोंडाकडे शेवटी बघत.

मिरजेच्या आधारगृहात तिला खाट मिळाली आणि तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाणा शेडमध्ये काम. लांबलचक टेबलावर बेदाण्याचा ढीग ओतलेला असे. त्यातून काड्या, काळे दाणे, खडे वेचून काढायचे. मालकाला पट्टीवाल्या बायका फार आवडत. त्या भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगे. चढवणार कशा?

टेबलावर तिच्या शेजारी शालनकाकू बसायची. साठीची, तोंडाळ, मनाने वाईट नसलेली बाई. पहिल्या महिन्यात तिने आपलं स्टूल दोन हात लांब ओढून घेतलं होतं. दुसऱ्या महिन्यात ते हातभर जवळ आलं. तिसऱ्या महिन्यात ती वनिताच्या डब्यातली लसणाची चटणी न विचारता घेऊ लागली. घेताना मात्र तिचा एक डोळा तबकडीवर असे.

वनिताने बारा वर्षं एकाच गोष्टीसाठी नीट काढली होती. ईश्वरीसाठी. वनिता आत गेली तेव्हा ही तिची मुलगी सात वर्षांची होती, आता एकोणीसची झाली होती. तिला वाढवलं सुजाताने. सुजाता म्हणजे वनिताची नणंद. ज्या अमोलला वनिताने मारलं, त्याची सख्खी बहीण.

अमोलचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. हात कुशल, तोंड गोड, आणि घरात आला की दुसराच माणूस. वनिताने स्वतःच्या अंगावरचं आठ वर्षं सोसलं. एका दुपारी कसल्याशा कारणाने त्याने ईश्वरीचा हात पिरगाळला. काडी मोडावी तसा आवाज झाला. वनिताने कोपऱ्यातला मोठा पाना उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. तो खाली बसला. मग तिने दुसऱ्यांदा घातला. कोर्टात सरकारी वकिलाने तिला विचारलं होतं, "पहिला घाव मुलीसाठी होता, मान्य. दुसरा कशासाठी होता?" तिला उत्तर देता आलं नव्हतं. त्या दुसऱ्या घावाने तिला जन्मठेप दिली.

चौथ्या महिन्यात रविवारी सकाळी ती सांगलीला सुजाताच्या दारात उभी राहिली. येण्याआधी फोन केला होता. सुजाता फोनवर "या" एवढंच म्हणाली होती.

दार सुजातानेच उघडलं. केस पिकले होते तिचे.

"बसा वहिनी."

"वन्सं, तुमचे उपकार..."

"ते नको बोलायला," सुजाता म्हणाली. "तुमच्यासाठी नाही केलं मी. माझ्या भावाची लेक ती."

वनिता सोफ्याच्या कडेवर टेकली. तबकडी एकतीस दाखवत होती. आतल्या खोलीचा पडदा हलला आणि ईश्वरी बाहेर आली. उंच, सावळी, कपाळ थेट वनिताच्या आईचं. उजव्या हाताचं कोपर किंचित वाकडं. त्या कोपरावर वनिताची नजर गेली आणि तिथेच खिळली.

अठ्ठेचाळीस. सत्तावन्न.

"आई?" ईश्वरी म्हणाली. हा शब्द तिने इतका जपून उच्चारला, की बोलायला पहिल्यांदाच शिकतेय असं वाटावं.

एकाहत्तर. तबकडी लाल झाली. वनिताला ते दिसतच नव्हतं. ती उठली, दोन पावलं पुढे गेली, मुलीचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि नुसती बघत राहिली. किती वेळ, ते तिला कळलं नाही. यंत्राला कळलं. चार मिनिटं झाली आणि घरातले तिन्ही फोन एकदम किंचाळले. वरच्या मजल्यावरचे वाजले, शेजारच्या घरातले वाजले, खाली रस्त्यावर कुणाचा तरी वाजला. सुजाताने झेप घेऊन ईश्वरीला मागे ओढलं आणि तिच्या आणि वनिताच्या मधे उभी राहिली.

"बाजूला व्हा वहिनी! बाजूला व्हा!"

ईश्वरी आत्याच्या खांद्यामागून बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती होती. साधी, सरळ भीती. सातव्या वर्षी त्या दुपारी जी होती, तीच.

पहिला इशारा नोंदला गेला.

देखरेखीच्या कचेरीत वनिताची फाईल शबाना मुल्ला नावाच्या अधिकारीण बाईंकडे होती. त्या पन्नाशीच्या, थकलेल्या, पण माणुसकी शाबूत असलेल्या बाई. त्यांनी आलेखाचा कागद वनितासमोर सरकवला. डोंगराच्या कड्यासारखी एक रेघ सरळ वर गेलेली होती.

"हा राग नव्हता मॅडम," वनिता म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मग त्याला कळत नाही का?"

"नाही कळत. छाती धडधडणं, घाम, ती रसायनं... माणूस खून करायला निघाला काय आणि बारा वर्षांनी लेकराला बघायला निघाला काय, अंगात तेच उसळतं. त्या चार हजार कैद्यांत बाई एकही नव्हती, वनिताताई. आणि तुरुंगातल्या मारामारीच्या वेळी त्यांना मोजलेलं. पोराबाळांना भेटताना कुणी मोजलंच नाही." मुल्ला मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "यंत्र खोटं बोलत नाही. पण त्याला एकच शब्द येतो."

त्यांनी सवलतीचा अर्ज भरून वर पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: सूत्रात व्यक्तिगत कारणास्तव बदल करता येत नाही.

दुसरी भेट मुल्ला मॅडमच्या कचेरीतच ठरली. त्यांना वाटलं, परकी जागा, मधे टेबल, आपण हजर. अंक ताब्यात राहील. वनिता सकाळपासून उपाशी होती, कारण कुणीतरी सांगितलं होतं की रिकाम्या पोटी अंक कमी राहतो. ईश्वरी नर्सिंगच्या कॉलेजच्या गणवेशात आली होती. वनिताने कॉलेजबद्दल विचारलं, तिने सांगितलं. जेवणाबद्दल विचारलं, तेही सांगितलं. अंक एकोणचाळीसवर घुटमळत होता. मुल्ला मॅडमनी हळूच सुस्कारा सोडला.

मग ईश्वरी म्हणाली, "एक विचारू? मी दारात उभी होते तेव्हा. ते पहिल्या फटक्यालाच खाली बसले होते. दुसऱ्यांदा का मारलंस?"

बारा वर्षांत जे उत्तर वनिताने स्वतःलाही दिलं नव्हतं ते तिला आता सापडलं, अगदी लख्ख. तो खाली बसला होता आणि तिथून त्याने ईश्वरीकडे बघितलं होतं. नुसतं बघितलं. त्या बघण्यात उद्या काय होणार ते सगळं होतं. तिने हे सांगायला तोंड उघडलं, पण शब्दांच्या आधी ती दुपारच अंगात येऊन उभी राहिली. बासष्ट. पंचाहत्तर. ती टेबलाची कड धरून श्वास घेत राहिली. "थांबा, वनिताताई, खिडकीकडे बघा, माझ्याकडे बघा," मुल्ला मॅडम म्हणत होत्या. चौऱ्याऐंशी. कचेरीभर फोन वाजायला लागले.

ईश्वरी ते वाजणं थांबायच्या आधीच निघून गेली होती. उत्तर तसंच राहिलं.

आता एक इशारा उरला होता.

आधारगृहात वनिताच्या शेजारच्या खाटेवर गंगव्वा असे. जत तालुक्याच्या पार टोकाची, पंचावन्नची बाई. बाहेर येऊन तिला चार वर्षं झाली होती आणि एकही इशारा नव्हता. तिचा अंक कधी पंचवीसच्या वर गेलेला कुणी पाहिला नव्हता. वनिता दोन दिवस जेवली नाही तेव्हा गंगव्वाच तिच्याजवळ येऊन बसली.

"फोटू हाय का पोरीचा?"

"आहे."

"रोज सकाळी उठलीस की फोटू घ्यायचा अन् त्याच्याकडं बघत बसायचं. दुसरा डोळा आकड्यावर. आकडा चढला की बघतच ऱ्हायचं, पर मनात दुसरं काय आणायचं नाही. ह्ये नाक हाय. ह्यो कान हाय. ह्यो डावा डोळा. असं. भाजी निवडतो तसं. अन् पन्नास झालं की फोटू पालथा घालायचा."

"त्यानं काय होतं?"

"सवय पडती," गंगव्वा म्हणाली.

ती शाळेत गेली नव्हती, पण ती सांगत होती ते शास्त्रच होतं. गोगलगाईला एकदा टोचलं तर ती अंग चोरते, शंभरदा टोचलं तर चोरत नाही. गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही. मेंदू एकाच गोष्टीला पुन्हा पुन्हा तोच प्रतिसाद देत बसत नाही. वारंवार आलेली हाक तो हळूहळू फुकटची समजायला लागतो. डॉक्टर याच युक्तीने उंचीला, पाण्याला, कुत्र्याला भिणाऱ्या माणसांना बरं करतात. फरक एवढाच, की तिथे भीती घालवायची असते.

वनिताने त्या दिवसापासून सुरुवात केली. पहाटे इतर बायका अंघोळीच्या रांगेत असताना ती खाटेवर फोटो घेऊन बसे. पहिल्या दिवशी अंक अर्ध्या मिनिटात पन्नासावर गेला. पंधरवड्याने त्याला तीन मिनिटं लागली. दोन महिन्यांनी तो बेचाळीसवरच थांबला. मग तिने सुजाताकडून ईश्वरीचे जुने व्हिडिओ मागवले. सुजाताने काय समजून पाठवले देव जाणे, पण पाठवले. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचणारी. दात पडलेली. तापात "आई" म्हणून कण्हणारी. ते रेकॉर्डिंग सुजाताने कशासाठी केलं होतं कुणास ठाऊक. त्या व्हिडिओला पहिल्यांदा चोपन्न. विसाव्यांदा अडतीस. शंभराव्यांदा सत्तावीस.

तिला मनातून अभिमान वाटे. लेकीसाठीच तर चाललं होतं सगळं. एकदा अंक ताब्यात आला की ती ईश्वरीसमोर तास तास बसणार होती. दुसऱ्या घावाचं उत्तर शांतपणे देणार होती.

मधेच काही गोष्टी तिच्या लक्षात आल्या, पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. चटणी तिखट लागेनाशी झाली. शालनकाकूच्या विनोदावर सगळं टेबल हसलं की ती अर्ध्या सेकंदाने, इतरांचं बघून हसे. एकदा शेडमधल्या बेदाणा चाळायच्या यंत्रात एका बाईचं बोट अडकलं; सगळ्या किंचाळल्या. वनिताने शांतपणे जाऊन बटण बंद केलं आणि रुमाल बांधला. मालकाने तिची पाठ थोपटली. अंक बावीस होता.

मग गंगव्वाच्या मुलाची बातमी आली. विजापूरच्या रस्त्यावर ट्रकने उडवला होता, एकुलता एक. आधारगृहाच्या बाई सांगायला आल्या तेव्हा गंगव्वा पोळ्या लाटत होती. तिने ऐकून घेतलं, लाटणं खाली ठेवलं आणि आधी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. चोवीस. तव्यावरची पोळी उलटायची राहिली होती, ती उलटली.

त्या दिवशी दुपारी ती वनिताला म्हणाली, "रडावं म्हणते गं. कुठनं काढायचं त्येच सापडंना."

वनिता तिच्या शेजारी बसून राहिली. आपण घाबरायला हवं, हे तिला समजत होतं. तिने घाबरून पाहायचा प्रयत्नही केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सवयीने फोटो हातात घेतला तेव्हा तिला दिसलं ते एक नाक, दोन कान, एक डावा डोळा. अंक वीस. फोटो एखाद्या अर्जावर डकवलेल्या परक्या मुलीचा असावा तसा. तिने तो उशीखाली ठेवला आणि त्या दिवसापासून सराव बंद केला. आठवडे गेले. अंक विसाच्या आसपासच राहिला. सुटलेला दोर विहिरीत गेला होता.

दुसऱ्या इशाऱ्यानंतर अकरा महिन्यांनी ईश्वरी आपणहून आली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत शेडच्या फाटकाशी उभी राहिली. रखवालदाराने आत येऊन सांगितलं तेव्हा वनिताने डबा झाकला, हात धुतले आणि बाहेर गेली. शेडच्या बाजूला रिकाम्या क्रेटांची उतरंड होती, तिच्या सावलीत दोघी बसल्या.

"आत्याला सांगितलेलं नाही," ईश्वरी म्हणाली. ती फार भरभर बोलत होती, पाठ करून आल्यासारखी. "मी कोर्टाचे कागद मागवले. सगळे वाचले. माझ्या हाताचा एक्सरे आहे त्यात. मला आत्यानं सांगितलेलं, मी पडले होते. मलाही तसंच आठवायला लागलेलं." तिने वाकडं कोपर दुसऱ्या हाताने धरलं. "आणि आम्हाला शेवटच्या वर्षाला ही पट्टी शिकवली. भीती, राग, माया, सगळं पाझरात सारखंच दिसतं. मॅडम शिकवत होत्या आणि मी वर्गातून उठून बाहेर गेले. तू माझा चेहरा हातात धरलेलास तेव्हा एकाहत्तर होते ना? मी घाबरले होते. इतकी वर्षं कुणी मला बघून... आत्यानं खूप केलं माझं, पण तिला मी दिसले की तिला पप्पा दिसतात. मला बघून कुणाचातरी अंक एकाहत्तर झाला होता, आणि मी पळाले."

ती थांबली. तिची नजर वनिताच्या मनगटावर गेली.

हिरवा. वीस.

ईश्वरीने डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं, जशी एखादी नर्स थर्मामीटर झटकून पुन्हा बघते.

"बंद पडलीय का?"

"नाही. चालू आहे." वनिताने तिला सगळं सांगितलं. फोटो, गंगव्वा, व्हिडिओ, शंभराव्यांदा सत्तावीस. दुसऱ्या घावाचंही सांगितलं. तो खाली बसून कसा बघत होता तेही. जे सांगायला तिला बारा वर्षं शब्द सापडले नव्हते, ते आता तिने बाजाराची यादी सांगावी तसं सांगून टाकलं. "तुझ्यासमोर बसता यावं म्हणून केलं हे सगळं," ती म्हणाली. "बसता येतंय आता. कितीही वेळ."

ईश्वरी रडत होती. वनिताने बघितलं की मुलीचं नाक रडताना लाल होतं. आपण तिच्या पाठीवर हात फिरवायला हवा, हे तिला ठाऊक होतं. तिने फिरवला. हात बरोबर जागी पडला, बरोबर दाबाने. ईश्वरीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि मानेत तोंड खुपसलं. वनिता तिच्या खांद्यावरून आपल्या मनगटाकडे बघत होती. एकवीस. वर जा, ती त्या आकड्याला म्हणाली. एकदा जा. आठ वर्षं आत जाईन. फोन वाजू देत, माणसं धावू देत, वर जा.

वीस.

बऱ्याच वेळाने ईश्वरी बाजूला झाली. ओढणीने तोंड पुसलं.

"हे परत येतं का?"

"माहीत नाही. गंगव्वाचं नाही आलं."

"मला जर्मनीत नोकरी लागलीय. हॉस्पिटलात. येत्या गुरुवारी विमान आहे. पाच वर्षांचा करार आहे." ती खाली मातीकडे बघत होती. "तू थांब म्हणालीस तर मी थांबते. मी तेच विचारायला आले होते. आपण खोली घेऊ मिरजेत. रोज बसू. हळूहळू काहीतरी होईल."

वनिताने प्रामाणिकपणे आत पाहिलं. एखादं कपाट उघडून बघावं तसं पाहिलं. थांब म्हणावं असं तिथे काही नव्हतं, जा म्हणावं असंही काही नव्हतं. मग तिने विचार केला, कारण विचार तेवढा शिल्लक होता. ही वीस-एकवीस वर्षांची पोर. इथे एका थंड बाईसमोर बसून रोज तबकडी वाचणार. आकडा हलला का, हलला का, करत तिची पंचविशी होईल.

"जा," ती म्हणाली. "तिकडं बरं होईल तुझं."

"हे माझी आई म्हणतेय, की नुसती एक शहाणी बाई?"

"मला फरक कळत नाही, ईशू," वनिता म्हणाली. ते खरं होतं. ईशू हे लहानपणीचं नाव आपल्या तोंडून आलं, याचंही तिला काही वाटलं नाही.

ईश्वरीने तिला खाली वाकून नमस्कार केला आणि ती उठली. फाटकापर्यंत गेल्यावर वळून बघितलं. चेहऱ्याकडे नाही, मनगटाकडे. मग रस्ता ओलांडून ती सांगलीकडे जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसली. जीप धुरळा उडवत निघून गेली.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. वनिता आत आली, टेबलाशी बसली, समोरचा ढीग पुढे ओढून घेतला. शालनकाकूची मान केव्हाची फाटकाकडे वळलेली होती.

"कोण गं ती पोरगी? गळ्यात पडून रडत होती?"

"माझी मुलगी."

शालनकाकूने वनिताच्या मनगटाकडे बघितलं. हिरव्या उजेडात वीसचा आकडा स्थिर होता. काकूने पुन्हा वर बघितलं आणि ती हसली.

"कायतरीच! मुलगी म्हणे." तिने वनिताच्या दंडाला कोपराने ढोसलं. "खरं सांग की. कोण होती?"

वनिताने एक काळा दाणा वेचून बाजूला टाकला.

"ओळखीची होती," ती म्हणाली.